सेकंड माल

आयुष्यातली पहिली नोकरी मी जेमतेम सात आठवडे केली. १९८४ चा उन्हाळा, अकरावीची परीक्षा नुकतीच संपलेली, आणि सोलापूरच्या पूर्व भागातला टर्किश टॉवेलचा एक कारखाना. काम चेकिंग-फोल्डिंगचं. एक लांब टेबल, वर दोन ट्यूबलाइट, डाव्या हाताला मागावरून उतरलेल्या टॉवेलांचा ढीग आणि उजव्या हाताला दोन ढीग, एक ‘फ्रेश’ आणि एक ‘सेकंड’. टॉवेल उचलायचा, पसरायचा, वरून खाली नजर फिरवायची, उलटा करायचा, परत नजर फिरवायची, आणि दोनपैकी एका ढिगावर टाकायचा. तेलाचा डाग, ओढला गेलेला लूप, किनारीला बसलेली गाठ, मधेच सुटलेला धागा, यांतलं काही सापडलं की सेकंड. यात अवघड ते काय, असं मला पहिल्या दिवशी अकरा वाजेपर्यंत वाटत होतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अक्का बसायची. चाळिशीची, घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि कांडी भरणाऱ्या बायकांशी भांडण निघालं तर कन्नड. मला ती तम्मुडू म्हणायची, धाकटा भाऊ. तिचे शंभर टॉवेल होईपर्यंत माझे साठ व्हायचे, आणि त्या साठांतले चार-पाच खराब टॉवेल मी खुशाल फ्रेशच्या ढिगावर टाकलेले असायचे. ती हात न थांबवता, मान फक्त थोडी वळवून म्हणायची, “वरून तिसरा काढ. कोपऱ्यात बघ.” कोपऱ्यात लूप ओढलेला असायचाच. तिला तो तिथून दिसायचा कसा, हे मला आजही सांगता येणार नाही.

मुकादमाचं एकच वाक्य होतं, “डोळे हायत का बटनं बे?”

शाळेत हेच वाक्य जरा शुद्ध मराठीत ऐकलेलं होतं. लक्ष कुठं आहे तुझं? लक्ष देत नाहीस. लक्ष दिलंस तर येईल. घरी आई ‘धांदरट’ म्हणायची, म्हणजे तेच. या सगळ्यांचं गृहीत एक होतं: लक्ष नावाची वस्तू प्रत्येकाला सारखीच वाटून दिलेली आहे आणि मी माझी कुठंतरी मुद्दाम दडवून ठेवली आहे. मीही तेच धरून चाललो होतो. सात आठवड्यांनी मुकादमानं हिशेब करून पाकीट हातात दिलं तेव्हा मला नोकरी गेल्याचं वाईट वाटलं नाही. वाटली ती शरम. आळशी ठरल्याची.

आपल्या भाषेला मात्र याविषयी जास्त माहिती आहे असं मला हल्ली वाटतं. मराठीत लक्ष ‘देता’ येतं, ‘ठेवता’ येतं, पण ते आपलं आपण ‘जातं’ही. ‘माझं लक्ष गेलं’ म्हणताना मी काही केलेलं नसतं. लक्ष ‘लागत’ नाही, लक्ष कुणीतरी ‘वेधून घेतं’. तसंच बघण्याचं. ‘मी बघतो’ यात करणारा मी आहे. ‘मला दिसतं’ यात मी नुसता घेणारा, कुणी दिलं तर. मी टॉवेल बघत होतो यात काही खोट नव्हती. डाग मला दिसत नव्हता. अकरावीच्या व्याकरणात हे कुणी समजावलं असतं तर मुकादमाला तोंडावर सांगता आलं असतं. (सांगितलं नसतंच म्हणा.)

नजर आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच करून पाहिलं होतं. अंधारात मांडलेली अक्षरं, क्षणभर पडणारी विजेची ठिणगी, डोळे मधल्या बिंदूवर रोवलेले. तरीही ठिणगी पडण्याआधी मनानं जो कोपरा ठरवला असेल त्याच कोपऱ्यातली अक्षरं त्याला वाचता येत, बाकीची नाहीत. तशी आपली स्पष्ट नजर तरी केवढी? हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढी. बाकी सगळं धूसर. डोळे सेकंदाला तीन-चार वेळा उड्या मारत ते चित्र जुळवत राहतात, आणि आपल्याला वाटतं अख्खी खोली एकदम दिसते आहे.

हे सगळं मला माहीत झालं ते मुलीमुळं. ती पुण्यात मानसशास्त्र शिकते. दिवाळीला घरी आली तेव्हा तिनं लॅपटॉपवर एक खेळ माझ्यासमोर ठेवला. पडद्यावर दहा सारखे ठिपके. त्यांतले काही क्षणभर लुकलुकतात, ते आपले. मग सगळे एकसारखे होऊन माशांसारखे इकडून तिकडं फिरू लागतात. थांबले की आपले कुठले ते ओळखायचं. झेनॉन पिलिशिन आणि रॉन स्टॉर्म यांनी १९८८ मध्ये अशाच रीतीचा प्रयोग छापला होता. बहुतेक माणसं चारच्या आसपास सांभाळतात. पण ‘आसपास’ या शब्दात बरंच काही मावतं. कुणाचे दोन-तीनच टिकतात, कुणी पाच-सहा सहज धरून ठेवतो.

माझे तीन. चौथा घेतला की तिघंही हातचे जायचे, कडेवर एक पोर आणि दोन्ही हातांत पिशव्या असताना चावी शोधावी तसं. मुलीचे पाच. बायकोनं आधी नाही म्हणून मग खेळून बघितलं, तिचे दोन निघाले. आणि ही बाई एका शेगडीवर आमटी, दुसरीवर भाकरी, कानाला फोन आणि दारात आलेला गॅसवाला असं सगळं गेली तीस वर्षं सांभाळते आहे. “मग तुमची परीक्षाच चुकीची,” ती म्हणाली आणि उठून गेली. मुलगी हसली, पण मला ते उत्तर पुरतं चुकीचं वाटलं नाही. चार हा आकडाही काही दगडावरची रेघ नव्हे. ठिपके अगदी सावकाश फिरवले तर आठपर्यंत सांभाळता येतात, असं २००७ च्या एका प्रयोगात दिसलं. स्वयंपाकघरातली आमटी ठिपक्यांच्या मानानं फारच सावकाश फिरते, आणि ती पडदा सोडून पळत नाही.

त्याच संध्याकाळी मी शेंगदाण्यांवर उतरलो. १८७१ मध्ये विल्यम स्टॅनली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं एका पांढऱ्या डबीत काळ्या घेवड्याचे दाणे मूठमूठ टाकून, न मोजता नुसत्या नजरेनं किती पडले ते सांगायचा नाद धरला होता. १,०२७ वेळा. तीन आणि चार दाण्यांना तो एकदाही चुकला नाही. पाचापासून चुकू लागला. मी स्टीलच्या ताटात दाणे टाकत बसलो. चारपर्यंत मीही सरळ, पाचाला डोळे किलकिले, सातला नुसता अंदाज. पन्नासाव्या वेळी आतून आवाज आला, “चटणीचे दाणे हायत ते.” सोलापुरात शेंगाचटणीच्या दाण्यांशी खेळ करणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. प्रयोग तिथं संपला.

पण जुन्या मोजण्याच्या रीती आठवल्या. गंडा म्हणजे चार. पाचुंदा म्हणजे कडब्याच्या पाच पेंढ्या. आजोबा कडबा मोजायचे तो पाचुंद्यानंच, एक-एक पेंढी कधी नाही. त्यांनी जेव्हन्स वाचलेला नव्हता. डोळ्याला एका घासात किती जातं, एवढंच माहीत होतं.

आता मी आणि अक्का यांत फरक कशाचा, हा प्रश्न उरतोच. तिची पिशवी मोठी आणि माझी लहान, असं सोपं उत्तर मला बरीच वर्षं पुरलं असतं. मुलीनं दाखवलेल्या एका प्रयोगानं ते मोडलं. २००५ साली एडवर्ड वोगेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना लाल आणि निळ्या पट्ट्या दाखवल्या. लाल तेवढ्या लक्षात ठेवा, निळ्या सोडा. डोक्यावर विद्युतलहरी मोजणाऱ्या तारा. ज्यांची दृश्यस्मृती चांगली ते निळ्या पट्ट्या खरोखरच सोडत होते. ज्यांची कमी, त्यांच्या डोक्यात निळ्यासुद्धा भरल्या जात होत्या, सांगितलेलं असूनही. माझ्या भाषेत सांगायचं तर एसटी तेवढीच असते, कंडक्टर वेगळा असतो. अक्काचा कंडक्टर तिकीट बघितल्याशिवाय पायरीवर पाय ठेवू देत नव्हता. माझा सगळ्यांना ‘या, या’ म्हणत होता. टॉवेल बघताना मला ट्यूबलाइटची थरथर दिसत होती, हवेत उडणारी सुताची तूस दिसत होती, पलीकडच्या मागाचा ठेका ऐकू येत होता आणि त्या ठेक्यावर कुठलं गाणं बसेल याचा विचारही चालू होता. गाडी भरलेली. डागाला जागा कुठली?

अक्कानंच मला एकदा अवधान बघायला नेलं होतं. ‘अष्टावधानी’ हा शब्द मराठीत आपण सुगरणीला नाहीतर मंत्र्याला चिकटवून टाकतो. तेलुगूत तो आजही एक चालता खेळ आहे. मधे अवधानी कवी बसतो आणि भोवती आठ पृच्छक. एक जण कवितेची शेवटची ओळ देतो आणि वरच्या ओळी मागतो, एक जण पुढचं कोणतं अक्षर वापरायचं नाही ते पदोपदी सांगतो, एक जण मनात येईल तेव्हा घंटा वाजवतो आणि शेवटी टोले किती झाले ते विचारतो. आणि एकाचं काम फक्त भलतंसलतं बोलून कवीला विचलित करणं. त्या भूमिकेला नावच ‘अप्रस्तुत प्रसंग’ असं आहे. मंगल कार्यालयात पंख्याखाली बसून मी नुसती घंटा मोजायचं ठरवलं होतं. तिसऱ्या टोल्यानंतर अप्रस्तुतवाल्यानं कवीला जावयाविषयी काहीतरी विचारलं, लोक हसले, मीही एक अक्षर न कळता हसलो, आणि मोजणं गेलं. हा कानांचा खेळ आहे, डोळ्यांचा नाही, हे खरं. पण लाल-निळ्या पट्ट्यांचं वाचलं तेव्हा पहिली आठवण त्या गृहस्थाचीच झाली. विचलित करणारा माणूस परीक्षेतच बसवायचा, हे त्या खेळ रचणाऱ्यांना फार आधी सुचलं होतं.

कारखान्यातली आणखी एक गोष्ट मला तेव्हा दुष्टपणा वाटली होती. दुपारी तीनच्या सुमाराला, बाहेर त्रेचाळीस अंश आणि आत डोळे मिटायला आलेले असताना, अक्का सेकंडच्या ढिगातला एखादा टॉवेल उचलून गुपचूप माझ्या न बघितलेल्या ढिगात सरकवायची. मी तो फ्रेशमध्ये टाकला की टेबलावर टिचकी वाजवायची. ओळखला तर काही नाही. मला वाटायचं, मला मुकादमासमोर उघडं पाडायचा डाव आहे.

तसं नव्हतं. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच दाखवलं की शोधायची वस्तू जितकी दुर्मीळ, तितकी ती जास्त निसटते. निम्म्या चित्रांत ती वस्तू असेल तर माणसं साधारण ७ टक्के वेळा चुकतात. शंभरात एकदाच असेल तर ३० टक्के. डोळे तेच आणि वस्तूही तीच, फक्त ‘नाही’ म्हणायची सवय लागलेली असते. विमानतळावर सामानाच्या क्ष-किरण यंत्रात अधूनमधून खोट्या शस्त्राची प्रतिमा मुद्दाम टाकतात ती त्यासाठीच, बघणाऱ्याची सवय मोडायला. चांगला माल लागोपाठ आला की पोरगं झोपतं, हे अक्काला ठाऊक होतं आणि तिचं औषधही तिनं स्वतःच काढलं होतं.

दुर्मीळपणाचा माझा दुसरा धडा नान्नजचा. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर माळढोकाचं अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. आता तिथं माळढोक दिसणं ही वर्तमानपत्रातली बातमी होते. नव्वदच्या दशकात मी एका पक्षीवेड्या मित्राबरोबर गेलो तेव्हा निदान आशा करायला जागा होती. गळ्यात दुर्बीण, समोर वाळलेलं गवत, दोन तास. एक कोतवाल, दोन काळवीट, बस. शेजारी शेळ्या राखणारा एक म्हातारा उभा होता. तो काठी उचलून म्हणाला, “त्यो काय हुबा हाय की.” मीटरभर उंचीचा, दहा-बारा किलोचा पक्षी, उघड्या माळावर. मला काठीच्या टोकापासून पुढं निव्वळ गवत. मित्रानं माझं डोकं दोन्ही हातांनी धरून वळवलं. तरी नाही. मग पक्ष्यानं एक पाऊल टाकलं आणि माळावर एकाएकी माळढोक उगवला. त्याच्या आधीच्या क्षणीही तो माझ्या डोळ्यांत होताच. म्हाताऱ्यानं पुढं शांतपणे बिडी पेटवली. माझी दुर्बीण त्याला हवी का असं विचारायचं मी टाळलं.

एवढ्यावरून अक्का आणि म्हातारा एका जातीचे आणि मी दुसऱ्या, असं लिहून मोकळा झालो असतो. पण मधे मांजर येतं.

माझ्या पाचव्या आठवड्यात सेकंडच्या जुन्या ढिगात, अक्काच्या पायापासून चार हातांवर, एका करड्या मांजरीनं तीन पिल्लं घातली. मी सोमवारी बघितली. माझं काम बघणं नव्हतं पण लक्ष गेलं. कुणाला सांगितलं नाही, कारण मुकादमानं ती बाहेर टाकली असती. मंगळवार, बुधवार. अक्का दिवसातून वीसदा उठून त्या ढिगावर टॉवेल टाकत होती, मांजर तिच्याकडं बघून कान पाडत होतं, एकदा तर पिल्लू ढिगावरून घरंगळून तिच्या चपलेशी आलं. तिनं ते पायानं बाजूला सारलं, चिंधी सारावी तसं, आणि हातातला टॉवेल ट्यूबलाइटकडं धरला. पंधरा फुटांवरून ओढलेला लूप पकडणारी बाई. गुरुवारी पिल्लं नव्हती, आईनंच हलवली असतील. मी विचारलं, “अक्का, मांजर कुठं गेलं?” ती म्हणाली, “कुठलं मांजर?”

तेव्हा मला वाटलं ती माझी फिरकी घेते आहे.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९९९ मध्ये, डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री यांनी तो आता जगभर गाजलेला प्रयोग छापला. चेंडूच्या फेका मोजायला सांगायच्या आणि मधून गोरिलाच्या वेषातला माणूस चालवायचा. जवळजवळ निम्म्या लोकांना तो दिसला नाही. तो किस्सा सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलाय की इथं लांबवत नाही. मला त्याच्या पुढची दोन टोकं जास्त कामाची वाटतात. एक, २०१३ मध्ये छातीचे स्कॅन वाचणाऱ्या २४ तज्ज्ञ डॉक्टरांना फुप्फुसाच्या चित्रांत गोरिलाची आकृती घालून दिली. ते ज्या गाठी शोधत होते त्यांच्यापेक्षा ती अठ्ठेचाळीस पट मोठी होती. २४ पैकी २० जणांना ती दिसली नाही. दुसरं, सायमन्सनंच २००९ मध्ये एका सहकाऱ्यासोबत तपासलं की फिरत्या वस्तू सांभाळण्यात जो पटाईत, त्याला अनपेक्षित गोष्ट जास्त दिसते का. नाही दिसत. एका परीक्षेतले गुण दुसऱ्या परीक्षेत चालत नाहीत.

म्हणजे माझ्या ढिल्या कंडक्टरला त्या आठवड्यात मांजर गाडीत घेता आलं, एवढंच. त्याचा कारखान्याला उपयोग शून्य, आणि शेठनं मला त्यासाठी पगार द्यावा असं माझंही म्हणणं नाही. ‘लक्ष नसलेली माणसं खरी सर्जनशील’ छापाचं जे हल्ली फोनवर फिरत असतं ते मला पटत नाही. टॉवेल सेकंड होता आणि मी तो फ्रेशमध्ये टाकला. गिऱ्हाइकाच्या तोंडाला तेल लागलं असणार.

असं न दिसणं खरं किती महागात पडू शकतं हे गेल्या वर्षी कळलं. सात रस्ता चौकात गाडी उजवीकडं वळवताना मी एका सायकलवाल्याला धडकलो. मागच्या कॅरियरवर चादरींचा गठ्ठा, चांगला कमरेएवढा. मी त्या बाजूला बघितलं होतं, हे शपथेवर सांगतो. तो पडला, कोपर खरचटलं, गठ्ठा सुटून लाल-हिरव्या चादरी रस्त्यावर पसरल्या. “दिसलाच नाहीस ओ,” मी म्हणालो. तो चादरी झटकत म्हणाला, “एवढा गठ्ठा घेऊन चाललोय, अजून काय बँड लावू का?” डॉक्टरकडं गेलो. चष्म्यासह नजर ६/६. डोळ्यांत काहीच नाही.

डोळ्यांत नसतंच ते. अमेरिकेत अलाबामात कार्लीन बॉल आणि सिंथिया ओस्ली यांनी १९९३ मध्ये वयस्क चालकांचा अभ्यास छापला. एका दृष्टिक्षेपात, मान न हलवता, जेवढ्या पट्ट्यातलं माणसाला उपयोगी पडेल असं टिपता येतं तो पट्टा त्यांनी मोजला. ज्यांचा पट्टा बराच आक्रसलेला, त्यांचे आधीच्या पाच वर्षांत अपघात झाले असण्याची शक्यता सहापट होती. तक्त्यावरची अक्षरं वाचण्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. वयाबरोबर तो पट्टा लहान होत जातो, पण सगळ्यांचा एकाच चालीनं नाही. साठीच्या एखाद्याचा तरण्याएवढा, पन्नाशीतल्या एखाद्याचा गेलेला. मी अठ्ठावन्नचा. मुळात तीन ठिपक्यांचा माणूस. आता सात रस्ता आला की मी सिग्नलला गाडी बंद करतो आणि मान पार खांद्यापर्यंत वळवतो. मागचे हॉर्न वाजवतात. “आजोबा, चला की बे!” असंही एकदा ऐकलं.

मागच्या संक्रांतीला, गड्ड्याची यात्रा बघून परतताना, अक्काच्या घरी तिळगूळ द्यायला गेलो. ऐंशीची झाली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला नको म्हणते. बाजेवर बसून टीव्हीकडं पाठ करून बसली होती. माझ्या खांद्यावर यात्रेतच घेतलेला नवा नॅपकिन होता. तिनं बोलता बोलता तो ओढून घेतला, अंगठा आणि तर्जनी यांत धरून किनारीवरून सरकवत नेला आणि एका जागी थांबली.

“सेकंड दिला तुला,” ती म्हणाली. “किती घेतले?”

मी किंमत सांगितली. तिनं चुकचुक केलं. मग मी धीर करून, चाळीस वर्षांनी, परत विचारलं. ती पिल्लं, तो ढीग, तिच्या चपलेशी आलेलं ते करडं पिल्लू, सगळं सविस्तर सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. नॅपकिनची घडी घातली, चार पदरी, कडेला कड जुळवून, आणि माझ्या हातात दिली.

“तुझं लक्षच नव्हतं तम्मुडू कधी कामात,” ती म्हणाली. “तिथं कुठलं आलंय मांजर?”